पेट्यांचा इतिहास आणि घरचें कोठार

जुन्या मध्यमवर्गीय घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असावयाचीच. तिच्यांत घराचे कागद, जन्मपत्रिका, पिवळीं पडलेलीं पत्रें, आणि कोणाच्यानें टाकवत नाहीं असें बरेंच कांहीं सांठलेलें असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्या पेटींत निराळ्या जातीचा ऐवज येऊन पडूं लागला. फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं ध्वनिफितीची कॅसेट बाजारांत आणली. १९७६ पासून व्हीएचएस पद्धतीच्या जाडजूड चित्रफिती आल्या. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क निघाली. आजोबांच्या आवाजांतली रामरक्षा, आत्याबाईंनीं म्हटलेलीं मंगळागौरीचीं गाणीं, गणेशोत्सवांत आळीच्या मंडळींनीं केलेल्या नाटकाचा तिसरा अंक, असा हा ऐवज. बाजारांत त्याची किंमत शून्य, आणि तो गेला तर कोणत्याहि दुकानांत पुन्हां मिळावयाचा नाहीं.

ह्या ऐवजावरचें एक संकट उघड आहे. फितीला बुरशी धरते, तिच्यावरचा लेप सुटूं लागतो, आणि फीत चांगली राहिली तरी तिला वाजविणारें यंत्र घरांतून केव्हांच गेलेलें असतें. व्हीसीआर बनविणारी अखेरची म्हणून ओळखली गेलेली जपानी कंपनी फुनाई हिनें जुलै २०१६ मध्यें तें काम थांबविलें. तेव्हांपासून जुन्याच यंत्रांची डागडुजी करून दिवस काढावे लागतात. दुसरें संकट इतकें उघड नाहीं, कारण तें सोयीच्या वेषानें आलें. गाणें, पुस्तक, चित्रपट हें सर्व तारेवाटे घरांत येऊं लागल्यावर वस्तु जवळ ठेवण्याची गरज काय, असें सुशिक्षित लोकहि म्हणूं लागले. जुलै २००९ मध्यें ॲमेझॉन कंपनीनें आपल्या किंडल यंत्रांवरून जॉर्ज ऑर्वेल याचीं दोन पुस्तकें गिऱ्हाइकांना न विचारतां काढून घेतलीं. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते असें कारण होतें, आणि पैसेहि परत केले गेले. त्या दोहोंपैकीं एक '१९८४' होतें. नको असलेला कागद नाहींसा करणारें सरकारी खातें ज्या पुस्तकांत आहे तेंच पुस्तक नाहींसें व्हावें, हा योगायोग त्या वेळीं पुष्कळांनीं नजरेस आणला. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें पुस्तकांचें दुकान बंद केलें, आणि जुलैपासून विकत घेतलेलीं पुस्तकें उघडेनाशीं झालीं. येथेंहि किंमत परत मिळाली. ज्यांनीं पुस्तकांत टिपणें केलीं होतीं त्यांच्या खात्यावर २५ डॉलर अधिक जमा झाले. समासांतल्या टिपणांचा भाव काय, हें इतक्या स्पष्टपणें यापूर्वीं क्वचितच कोणी ठरविलें असेल! त्याच वर्षीं ३१ जुलै रोजीं चित्रपटांच्या खरेदीची नोंद ठेवणारी अल्ट्राव्हायोलेट ही अमेरिकन व्यवस्थाहि मिटली.

अशा प्रसंगांमुळें कांहीं कुटुंबें उलट्या दिशेनें वळलीं. घरांतच एक लहान संगणक सदैव चालू ठेवावयाचा. त्यास मोठी चकती जोडून तिच्यावर घरचीं ध्वनिमुद्रणें, चित्रफिती, छायाचित्रें व विकत घेतलेल्या तबकड्यांच्या प्रती ठेवावयाच्या. आणि दिवाणखान्यांतल्या दूरचित्रवाणीनें, स्वयंपाकघरांतल्या फोननें त्याच्याकडे मागावें व त्यानें द्यावें, अशी ही योजना. त्या संगणकास माध्यम-सर्व्हर म्हणतात. जुन्या वाड्यांत कोठीघराच्या किल्ल्या सांभाळणारा कोठावळा असे, तसाच हा. ह्या कोठावळ्याच्या इतिहासांत दोन ओघ आहेत. एक दाखविणाऱ्या आज्ञावलींचा, आणि दुसरा त्या आज्ञावली ज्या अदृश्य पेट्यांत राहतात त्या पेट्यांचा. दुसरा ओघ अधिक जुना आहे, आणि अधिक विचार करण्याजोगाहि.

पहिल्याची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ह्या खेळाच्या यंत्रावर चित्रपट पाहतां यावेत म्हणून हौशी मंडळींनीं २००२ सालीं एक आज्ञावली रचली. तिचेंच वाढलेलें रूप २०१४ पासून कोडी ह्या नांवानें ओळखलें जातें. २००७ च्या डिसेंबरांत एलन फाइनगोल्ड यानें ती ॲपलच्या संगणकावर आणण्याचें काम हातीं घेतलें व त्यांतून प्लेक्सचा जन्म झाला. प्लेक्सनें सांठविणारा आणि दाखविणारा यांची फारकत केली: सांठा एका जागीं, पडदे अनेक. मीडिया ब्राउझर नांवाची दुसरी एक आज्ञावली त्याच वाटेनें गेली व पुढें एम्बी म्हणून प्रसिद्ध झाली. या सर्वांच्या तळाशीं एफएफएमपेग हें चित्र व ध्वनि एका घडणींतून दुसऱ्या घडणींत नेणारें साधन आहे. फाब्रिस बेलार ह्या फ्रेंच गृहस्थानें तें २००० सालीं सुरू केलें. आज जगांत पडद्यावर जें जें हालतें त्याचा मोठा भाग कोठें ना कोठें ह्या एका साधनांतून गेलेला असतो. परंतु पाहणाऱ्यांपैकीं हजारांत एकालाहि बेलारचें नांव ठाऊक नसावें.

आतां पेट्यांची गरज कां पडली तें पाहावयाचें. कोणतीहि आज्ञावली एकटी नांदत नाहीं. तिला पुष्कळ साहाय्यक आज्ञावली लागतात, आणि त्याहि नेमक्या अमुक आवृत्तीच्या. एका संगणकावर चित्रपटांचा कोठावळा बसविला, शेजारीं छायाचित्रांचा, त्याच्या शेजारीं पुस्तकांचा, कीं एकाला साहाय्यकाची जुनी आवृत्ति हवी असते आणि दुसऱ्याला नवी. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत. एकाची सुधारणा केली कीं दुसरा बंद पडतो, आणि रविवारचा दिवस त्याच्या मनधरणींत जातो. शिवाय एखादी आज्ञावली काढून टाकली तरी तिचे अवशेष घरभर विखुरलेले राहतात. काय टाकावें व काय ठेवावें हें ओळखतां न येणें, हीच खरी अडचण होती.

तिच्यावरील उपायाचा उगम १९७९ सालचा आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स ह्या कार्यप्रणालीची सातवी आवृत्ति त्या वर्षीं निघाली व तींत 'सीएचरूट' ही एक लहानशी आज्ञा होती. युनिक्समध्यें सर्व फाइली एका उलट्या झाडाप्रमाणें मांडलेल्या असतात. मूळ सर्वांत वर, आणि फांद्या खालीं. ही आज्ञा दिली कीं एखाद्या आज्ञावलीला अमुक एक फांदी म्हणजेच मूळ असें भासूं लागे. त्या फांदीच्या पलीकडे जग आहे ह्याची तिला वार्ताच नसे. आपल्याकडे कूपमंडूक हा शब्द निंदेसाठीं योजिला जातो. येथें मात्र तो गुण ठरला. बर्कलेच्या युनिक्समध्यें बिल जॉय यानें १९८२ सालीं ही आज्ञा आणली. परंतु ह्या विहिरीचे कांठ ठेंगणे होते. बंधन होतें तें फाइलींच्या दृष्टीपुरतें. संगणकावर चाललेलीं इतर कामें व जाळें हीं मोकळींच होतीं, आणि ज्याच्या हातीं सर्वाधिकार असे तो बेडूक उडी मारून बाहेर येऊं शके.

कांठ उंच करण्यास वीस वर्षें लागलीं. पोल-हेनिंग काम्प ह्या डॅनिश तंत्रज्ञानें फ्रीबीएसडी प्रणालींत 'जेल' नांवाची सोय केली व ती मार्च २००० मधील चौथ्या आवृत्तींत सर्वांच्या हातीं आली. एकाच यंत्रावर अनेक गिऱ्हाइकांना जागा भाड्यानें देणाऱ्या एका व्यवसायाच्या निकडींतून ती निघाली होती. चाळींतल्या बिऱ्हाडांप्रमाणें प्रत्येकाला आपला पत्ता, आपलें दार, आणि शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजतें तें दिसूं नये, इतकी व्यवस्था तींत झाली. सन कंपनीच्या सोलारिस प्रणालीनें २००५ सालीं असेच कप्पे पाडले. घराघरांतून वापरल्या जाणाऱ्या लिनक्स प्रणालींत मात्र हें काम एका हातानें न होतां तुकड्यातुकड्यांनीं झालें. २००२ पासून 'नेमस्पेस' म्हणजे नामक्षेत्रें येऊं लागलीं. पेटींतल्यास काय दिसावें तें हीं ठरवितात. गूगलमधील पॉल मेनेज व रोहित सेठ यांनीं २००६ सालीं दुसरें काम आरंभिलें: पेटींतल्यानें किती खावें, म्हणजे स्मृतीचा व गणनशक्तीचा शिधा प्रत्येकास किती मिळावा, तें ठरविणें. त्यांनीं त्यास प्रथम 'प्रोसेस कंटेनर' म्हटलें होतें. परंतु लिनक्सच्या गाभ्यांत कंटेनर हा शब्द आधींच नाना अर्थांनीं फिरत असल्यामुळें नांव बदलून 'कंट्रोल ग्रूप' करण्यांत आलें, व जानेवारी २००८ मधील २.६.२४ ह्या आवृत्तींत तें दाखल झालें. घोंटाळा टाळण्यासाठीं सोडलेला तोच शब्द पांच वर्षांनीं सर्वांच्या तोंडीं बसला. शब्दांना आपल्या मालकांचें ऐकण्याची संवय नसते.

तो शब्द कोठून आला हें समजण्यासाठीं थोडा वेळ समुद्राकडे वळलें पाहिजे. २६ एप्रिल १९५६ रोजीं 'आयडियल एक्स' नांवाचें जुनें तेलवाहू जहाज अमेरिकेंतील नेवार्क बंदरांतून ह्यूस्टनकडे निघालें. त्याच्या पाठीवर ५८ धातूच्या पेट्या होत्या. मालमोटारींचा धंदा करणाऱ्या माल्कम मॅक्लीन याची ही कल्पना. त्यापूर्वीं गोणी, पिंपें, खोकीं, गांठी असा नाना आकारांचा माल माणसांच्या पाठीवरून जहाजांत चढे व उतरे. जहाज चालण्यापेक्षां धक्क्यावर उभें राहण्यांतच पुष्कळ काळ जाई. मॅक्लीनची पेटी मोटारीवरून उचलून तशीच जहाजावर ठेवतां येई. आंत काय आहे तें यारीला ठाऊक असण्याची गरज उरली नाहीं. आंतल्या वस्तु कितीहि निरनिराळ्या असल्या तरी बाहेरचा आकार एकच, ह्यांतच सगळी किमया होती. १९६० नंतरच्या दशकांत आंतरराष्ट्रीय मापें ठरलीं, आणि वीस व चाळीस फुटी पेट्या जगभर फिरूं लागल्या. मुंबईच्या जुन्या गोद्या ह्या नव्या रीतीसाठीं बांधलेल्या नव्हत्या. समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा येथें १९८९ सालीं नवें बंदर उघडलें व पेट्यांचा व्यापार हळूहळू तिकडे गेला. ज्या माथ्यांवरून पिढ्यान् पिढ्या माल वाहिला गेला त्यांचें काम पेटीनें नेलें. इंग्रजींत गोदी कामगाराला 'डॉकर' म्हणतात. पुढें संगणकाच्या जगांत पेट्या रचणारें जें साधन निघालें त्याचें नांवहि डॉकर आणि त्याचें चिन्ह पाठीवर पेट्या वाहणारा देवमासा! ज्याला पेटीनें उठविलें त्याचेंच नांव पेटीवाल्यानें घेतलें. भायखळ्याच्या किंवा शिवडीच्या एखाद्या जुन्या कामगाराला त्यांतली खोंच चांगली समजली असती.

ह्या डॉकरचें प्रथम दर्शन १५ मार्च २०१३ रोजीं झालें. कॅलिफोर्नियांतील सांता क्लारा येथें पायथन भाषेच्या जाणकारांचें संमेलन भरलें होतें, व तेथें डॉटक्लाउड कंपनीच्या सॉलोमन हाइक्स याला पांच मिनिटें बोलावयास मिळालीं होतीं. मूळ कल्पना त्याची नव्हती. विहीर १९७९ ची, कांठ २००० चे, शिधा २००८ चा. त्यानें त्यांत घातली ती मॅक्लीनची युक्ति. आज्ञावली व तिचे सर्व साहाय्यक एका ठराविक घडणीच्या साच्यांत बांधावयाचे. तो साचा कोणत्याहि लिनक्स यंत्रावर नेला कीं तशीच पेटी उभी राहते. साचे थरांनीं बनलेले असतात, त्यामुळें दोन साच्यांस समाईक असलेला थर एकदांच सांठवावा लागतो. जून २०१४ मध्यें डॉकरची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली. त्याच वर्षीं लंडनमधील ऑर्चर्ड ह्या लहानशा कंपनीचें 'फिग' नांवाचें साधन डॉकरनें विकत घेतलें व त्याचें कंपोज असें बारसें केलें. गृहस्थाच्या दृष्टीनें ही खरेदी सर्वांत मोलाची ठरली. अनेक पेट्या कशा मांडावयाच्या हें कंपोजमुळें एका चिठ्ठींत लिहून ठेवतां येऊं लागलें; दर वेळीं लांबलचक आज्ञा आठवून देण्याचें कारण उरलें नाहीं. २०१५ सालीं साच्याची घडण एका कंपनीच्या मर्जीवर राहूं नये म्हणून अनेक कंपन्यांनीं मिळून समाईक मानक ठरविण्यास प्रारंभ केला. समुद्रावरच्या पेट्यांचा मार्गहि तोच होता.

मोठ्या कंपन्यांनीं डॉकर उचललें तें वेगासाठीं व काटकसरीसाठीं. घरच्या कोठावळ्याला त्यापासून झालेला लाभ निराळाच आहे, आणि त्याकडे फारसें लक्ष जात नाहीं. पेटीचा नियमच असा कीं, ती क्षणभंगुर. सुधारलेला साचा आला कीं जुनी पेटी मोडून नवी उभी करावयाची. जुन्या पेटींत जें लिहिलें गेलें असेल तें तिच्याबरोबर जातें. म्हणून जें टिकावयास हवें तें पेटीबाहेर ठेवावें लागतें, आणि पेटीला केवळ त्याची वाट दाखवावी लागते. टाकण्याजोगें व न टाकण्याजोगें यांच्यामध्यें एक रेघ ओढल्याशिवाय पेटी बसवितांच येत नाहीं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटींत ही रेघ कधीं ओढली गेली नव्हती. तेथें विजेचीं बिलें आणि आजोबांचा आवाज एकाच तळाशीं पडलेलीं असत.

ह्या रेघेची परीक्षा डिसेंबर २०१८ मध्यें झाली. एम्बीची मूळ संहिता तोंपर्यंत पुष्कळ अंशीं सर्वांना खुली होती, व अनेकांनीं तिच्या जडणघडणींत फुकट श्रम घातले होते. त्या महिन्यांत चालकांनीं पुढील संहिता बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. नाराज झालेल्या कार्यकर्त्यांनीं शेवटच्या खुल्या प्रतीवरून, म्हणजे ३.५.२ ह्या आवृत्तीवरून, निराळी चूल मांडली व तिला जेलीफिन हें नांव दिलें. चालकांचा पक्ष अगदींच चुकीचा होता असें म्हणतां येत नाहीं. पोट सर्वांनाच आहे. पण ज्या घरांत कोठावळा पेटींत व ऐवज बाहेर होता तेथें ह्या भाऊबंदकीची झळ फारशी लागली नाहीं. जुनी पेटी उतरविली, नवी चढविली. कोणता चित्रपट कोठपर्यंत पाहिला ह्यासारख्या नोंदी कांहींच्या गेल्या असतील. रामरक्षा जागेवरच होती. प्लेक्सनें २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचाच संग्रह पाहण्यास पैसे आकारण्याचें ठरविलें, तेव्हांहि पुष्कळांनीं हाच मार्ग धरला.

प्रत्यक्ष मांडणी कशी असते तें सांगितल्यास ही रेघ डोळ्यांपुढें येईल. एखादा जुना, कमी वीज खाणारा संगणक घेऊन त्यावर लिनक्स व डॉकर बसवितात. मग कंपोजची चिठ्ठी लिहितात. तींत साच्याचें नांव असतें, दाराचा क्रमांक असतो (जेलीफिनचा ८०९६), आणि वीज जाऊन परत आल्यावर पेटीनें आपोआप उभें राहावें अशी सूचना असते. चिठ्ठींतल्या ओळींचें समासापासूनचें अंतर फार जपावें लागतें. एक मोकळी जागा इकडची तिकडे झाली कीं यंत्र सगळी चिठ्ठी नाकारतें. त्यापुढें येतात जोडण्यांच्या ओळी. प्रत्येक ओळींत डाव्या अंगास घरच्या चकतीवरचा पत्ता, मध्यें दोन टिंबें, उजव्या अंगास पेटींतला पत्ता. पहिली जोडणी व्यवस्थेच्या वहीची, म्हणजे कोण पाहणारे, कोणती सूची, काय पाहून झालें ह्या नोंदींची. दुसरी तात्पुरत्या कामाच्या फळ्याची. ती गेली तरी चालते. तिसरी ऐवजाची, आणि ती केवळ वाचण्यापुरती द्यावी हें उत्तम. कोठावळ्याला कोठारांतलें दाखवावयाचें असतें. मोडण्याचा वा पुसण्याचा अधिकार त्याला लागत नाहीं. नवशिके बहुधा पहिली जोडणी विसरतात. सहा महिने सर्व सुरळीत चालतें, मग सुधारणेसाठीं पेटी बदलतात, आणि कोठावळा अनोळखी पाहुण्यासारखा दारांत उभा राहून घरमालकाचें नांव विचारतो! दुसरी नेहमींची अडचण मालकीची. लिनक्समध्यें प्रत्येक फाइलीवर मालकाचा क्रमांक असतो. पहिल्या सामान्य वापरकर्त्याचा तो बहुधा १००० असतो. पेटी दुसऱ्याच क्रमांकानें चालली तर ऐवज समोर असून तिला दिसत नाहीं. चिठ्ठींत तो क्रमांक लिहिला कीं काम भागतें.

जागा किती लागते, हा प्रश्न गृहिणी प्रथम विचारतात व तो रास्त आहे. साठ मिनिटांची ध्वनिफीत कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रतीची उतरविली तर सुमारें ६३५ मेगाबाइट होते; २००१ सालीं सिद्ध झालेल्या फ्लॅक पद्धतीनें, कांहींहि न गमावतां, ती बहुधा निम्म्यावर येते. लग्नाची चित्रफीत दर सेकंदास ४० लक्ष बिट ह्या दरानें उतरविली तर तासास १.८ गिगाबाइट, म्हणजे एक टेराबाइटच्या चकतीवर साडेपांचशे तास. जागा स्वस्त आहे. महाग आहे तो वेळ. एका तासाची फीत उतरावयास एक तासच लागतो. तेवढा वेळ फीत उलगडत असतां कोणी ना कोणी जवळ बसतें, आणि कित्येक घरांत तीं माणसें पडद्यावर वीस वर्षांनीं प्रथमच पाहिलीं जातात.

सूचीच्या बाबतींत मराठी घरांना एक विशेष श्रम पडतो. हे कोठावळे फाइलीचें नांव वाचून जालावरच्या सूचींतून चित्रपटाची माहिती आपण होऊन आणतात. नांवाबरोबर वर्ष लिहिलें नाहीं तर घोंटाळा ठरलेला. 'श्यामची आई' हा आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट, ज्यास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. त्याच नांवाचा दुसरा २०२३ मध्यें निघाला. वर्षावांचून यंत्रानें एकाचें चित्र दुसऱ्यास लावलें तर दोष यंत्राचा नव्हे. परंतु आळीच्या नाटकाचा तिसरा अंक किंवा आत्याबाईंचीं गाणीं जगांतल्या कोणत्याच सूचींत नाहींत. तेथें स्वहस्तें लिहावें लागतें: कोण गातें, कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं, मागें हंसणारें मूल कोण. हें लिहिणारीं माणसें घरांत आहेत तोंवरच तें लिहिलें जाईल. म्हणून जाणते लोक यंत्राची मांडणी पुढें ढकलतात, पण ही वही आधीं भरून घेतात.

पेटीवर फाजील विश्वासहि ठेवूं नये. सर्व पेट्यांखालीं लिनक्सचा गाभा एकच असतो. भिंती पक्क्या विटांच्या नसून पार्टिशनच्या असतात. फेब्रुवारी २०१९ मध्यें पेट्या चालविणाऱ्या 'रनसी' ह्या घटकांत असा दोष उघड झाला कीं, दुष्ट हेतूनें बनविलेली पेटी यजमान संगणकाचाच ताबा घेऊं शके. साचे जेथून येतात तें कोठारहि परक्याचें आहे. डॉकरनें नोव्हेंबर २०२० मध्यें नोंदणी न केलेल्यांस सहा तासांत १०० साचे एवढी मर्यादा घातली, तेव्हां पुष्कळांना त्याची प्रथम आठवण झाली. परदेशीं असलेल्या मुलामुलींना घरचा ऐवज ऐकतां यावा म्हणून कोठावळ्याचें दार सरळ जगाला उघडून देणारेहि असतात. तें धोक्याचें आहे. मार्च २०२० मध्यें लिनक्सच्या गाभ्यांत आलेल्या वायरगार्डसारख्या बंदिस्त बोगद्यानें न्यू जर्सींतल्या मुलीला पुण्याच्या घरांत आणणें अधिक शहाणपणाचें. भारतांतील पुष्कळ जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, त्यामुळें त्यास थोडी खटपट पडते. कायद्याचीहि जाणीव हवी: १९५७ चा भारतीय प्रतिमुद्राधिकार कायदा खाजगी उपयोगापुरती कांहीं सवलत देतो; विकतचा चित्रपट आळीभर वांटण्याची नव्हे.

आणि पेटीबाहेरचा ऐवज सांभाळण्याचें काम पेटी करीत नाहीं. चकत्या मरतात. दोन चकत्यांवर एकच मजकूर लिहिण्याची १९८८ च्या बर्कले येथील निबंधापासून रेड ह्या नांवानें प्रसिद्ध झालेली रीत चकतीच्या मरणावर उपाय आहे. चुकून पुसलें तर दोन्हींवरून पुसलें जातें, आणि घरांत पाणी शिरलें तर दोन्ही बुडतात. म्हणून एक प्रत दुसऱ्या छपराखालीं, भावाच्या किंवा मुलीच्या घरीं असते, व ती महिन्यादोन महिन्यांनीं ताजी केली जाते. तींत ऐवज, व्यवस्थेची वही आणि कंपोजची चिठ्ठी, एवढेंच ठेवतात. साचे ठेवीत नाहींत. मांडणी बरोबर झाली कीं नाहीं तें पाहण्याची एक जुनी युक्ति चोखंदळ लोक वापरतात. दुसऱ्या छपराखालची ती प्रत एखाद्या मोकळ्या संगणकावर घ्यावयाची, चिठ्ठी वाचून नवी पेटी उभी करावयाची, आणि मूळ घराकडे न पाहतां तिसऱ्या अंकाचा पडदा उघडतो का तें पाहावयाचें. उघडला तर मूळ कॅसेट कापडांत गुंडाळून, कोरड्या कपाटांत, परत ठेवून देतात. ती टाकीत नाहींत, कारण पुढें कधीं अधिक चांगल्या यंत्रानें ती पुन्हां उतरवावी लागेल.